संत्र्याच्या सालींतले अँटिऑक्सिडंट एन्झाइमने कसे काढायचे: इंदूरच्या स्वयंपाकघरात पहिला प्रयोग

हिवाळ्यात इंदूरच्या कुठल्याही ज्यूसवाल्याच्या गाडीखाली बघा, संत्र्याच्या सालींनी भरलेली टोपली असतेच. संत्री कधी नागपूरची, कधी आपल्याच आगर-मालव्याची. रस ग्लासात जातो, साल ओल्या कचऱ्यात. पण संत्र्यातले फ्लॅवोनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या द्रव्यांचा एक गट) बरेचसे सालीतच असतात, त्यातही आतल्या पांढऱ्या भागात. हेस्पेरिडिन आणि नारिरुटिन ही त्यातली मुख्य नावं, जोडीला थोडं फेरुलिक आम्ल. ऑक्सिजनमुळे होणारी नासाडी, म्हणजे तेलाचं खवट होणं, रंगाचं उडणं, या गोष्टी असे पदार्थ लांबवू शकतात, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. शेव-नमकीनच्या या गावात तेल खवट होणं म्हणजे काय, ते कुणाला सांगायला नको. त्यावर आज टीबीएचक्यू नावाचं कृत्रिम रसायन सर्रास वापरतात, आपल्या नियमांप्रमाणे तेलात किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत. त्याऐवजी झाडाकडूनच काही मिळतं का, हे बघण्याची पहिली पायरी घरच्या ओट्यावर चढता येते. हा लेख त्या पायरीपुरता आहे.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे सालं, गूळ आणि पाणी तीन-एक-दहा या प्रमाणात बरणीत भरून तीन महिने ठेवतात आणि त्या द्रवाला बायो-एन्झाइम म्हणतात. फरशी पुसायला तो छान आहे, जरूर करा. पण ते आंबवणं झालं. बरणीत कोणते जंतू वाढले, कुठलं एन्झाइम किती तयार झालं, यावर आपला काहीच ताबा नसतो. एन्झाइम म्हणजे ठरावीक रेणू तोडणारं किंवा जोडणारं प्रथिन. इथे आपण माहीत असलेलं एन्झाइम मोजून घालणार, ठरावीक तापमानाला काही तास काम करू देणार आणि काम झालं की तापवून थांबवणार.

एन्झाइम नेमकं करतं काय

सालीच्या पेशींची भिंत सेल्युलोजच्या विटांची आणि पेक्टिनच्या चुन्याची समजा. फ्लॅवोनॉइड या भिंतीच्या आत कोंडलेले असतात आणि काही फेनॉलिक आम्लं (फेरुलिक आम्ल त्यातलंच) तर भिंतीलाच रासायनिक बंधाने चिकटलेली असतात. नुसत्या पाण्यात साल भिजवली तर जे सहज सुटतं तेवढंच येतं. पेक्टिनेज पेक्टिन तोडतं, सेल्युलेज सेल्युलोज तोडतं, भिंत ढासळते आणि आतला माल पाण्यात उतरतो.

प्रयोगशाळेत हेच काम मिथेनॉल किंवा इथेनॉलने करतात. मिथेनॉल विषारी. शुद्ध इथेनॉल आबकारीच्या नियमांत येतं, ते दुकानात जाऊन आणता येत नाही. हँड सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरण्याचा विचार मनात आला असेल तर तिथेच सोडून द्या, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते खाण्याजोगं नसतं. पाणी आणि एन्झाइम ही जोडी नवख्या माणसासाठी म्हणूनच सोयीची: जळत नाही, वास मारत नाही, परवाना लागत नाही.

सामान

फूड-ग्रेड पेक्टिनेज हवं, जमल्यास सेल्युलेज मिसळलेलं. फळांचा रस निवळ करण्यासाठी रसाचे कारखाने हेच वापरतात. बहुतेक वेळा ते अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून बनवलेलं असतं. ऑनलाइन छोट्या पाकिटात मिळतं. पाकिटावर तापमान आणि पीएच (आंबटपणाचं माप) छापलेलं नसेल तर ते घेऊ नका, विकणाऱ्याकडे डेटा शीट मागा. पावडरपेक्षा द्रव बरा, कारण एन्झाइमची पूड उडून नाकात गेली तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि वारंवार गेली तर दमासुद्धा. पावडरच मिळाली तर मास्क लावून, पंखा बंद करून मोजा. घरात दम्याचं कुणी असेल तर पावडरच्या वाटेला जाऊच नका.

बाकी सगळं ओळखीचं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा (सराफाकडे असतो तसा, फार महाग नाही), स्वयंपाकाचा थर्मामीटर, पीएच पट्ट्या, लिंबूसत्त्व, मलमलचं फडकं, इडलीपात्र, काचेच्या दोन सारख्या बरण्या. भांडी काचेची किंवा स्टीलचीच हवीत. लोखंडी कढई किंवा तांब्या-पितळेचं पातेलं अजिबात नको. लोह आणि तांबं हे दोन्ही ऑक्सिडेशनला हातभार लावतात, शिवाय लोखंडात फेनॉल (फ्लॅवोनॉइड आणि फेनॉलिक आम्लं याच गटातली) काळपट पडतात.

पाण्याचंही बघायला हवं. नळाला नर्मदेचं पाणी असेल तर गाळून बहुधा चालून जाईल. पण शहराच्या कडेच्या कितीतरी वसाहती बोअरिंगवर आहेत आणि ते पाणी जड असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं. आपण जे तोडायला निघालो, तेच ते घट्ट करतं. आरओचं पाणी घ्या.

साल तयार करणं

ज्यूसवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की साली वेगळ्या पिशवीत टाक. बहुतेक जण आनंदाने देतात. मात्र रस काढल्यानंतर तीन-चार तासांच्या आतच त्या घरी आणायच्या. संध्याकाळपर्यंत उन्हात पडलेली, माश्या बसलेली साल कितीही धुतली तरी उपयोगाची नाही. घरीच संत्री खात असाल तर उत्तमच.

कीटकनाशकांचे अंश सालीवरच असतात. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून, चोळून, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. याने वरचं बरंच निघतं, सगळं नाही. म्हणून या पहिल्या खेपेचा अर्क शिकण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. धुतलेली साल चिरून सरळ मिक्सरला लावायची नाही. सालीत तिचं स्वतःचं ऑक्सिडेज जातीचं एन्झाइम असतं. कापल्याबरोबर हवेतला ऑक्सिजन घेऊन ते फेनॉल जाळायला लागतं. सफरचंद चिरून ठेवलं की तपकिरी होतं ते याच घराण्याच्या एन्झाइममुळे. तुम्ही जो माल काढायला बसलात, तो हे तुमच्या आधी खाऊन टाकणार. म्हणून साली मोठ्या तुकड्यांतच इडलीपात्रात ठेवून तीन-चार मिनिटं खणखणीत वाफ द्या. पाण्यात उकळू नका, विरघळणारं सगळं पाण्यात जाईल. वाफेने थोडं क जीवनसत्त्व जातं, ते जाऊ द्या. बाहेरचं एन्झाइम कामाला लावायचं तर आतलं आधी गप्प केलं पाहिजे.

वाफवलेली साल त्याच दिवशी वापरायची असेल तर वाळवायची गरज नाही. साठवायची असेल तर सावलीत, पातळ पसरून, वरून मलमल टाकून वाळवा. माळव्यातली हवा फेब्रुवारीपासून इतकी कोरडी असते की पंख्याखाली दोन-तीन दिवसांत साल कडकडीत होते. विजेचा ड्रायर लावलात तर ५५ अंशांच्या वर नेऊ नका. ताज्या सालीच्या चौथ्या हिश्श्याएवढी सुकी साल मिळेल असं धरून चाला, म्हणजे १०० ग्रॅम पुडीसाठी साधारण ४०० ग्रॅम साल. रव्याएवढी जाड दळा. मैद्यासारखी बारीक केली तर गाळताना फडकं तुंबतं आणि तुमचा जीव मेटाकुटीला येतो.

दोन बरण्या

इथे माझा हट्ट आहे. एक बरणी करून बघू, जमलं तर दुसरी, असं चालणार नाही. दोन्ही बरण्या एकाच वेळी, एकाच सालीच्या, एकाच पाण्याच्या. एकीत जिवंत एन्झाइम, दुसरीत तेवढंच एन्झाइम पण आधी दहा मिनिटं उकळून मारलेलं. नुसत्या पाण्याची बरणी तुलनेला पुरत नाही, कारण एन्झाइमच्या पाकिटात साखर, प्रथिनं, मीठ असलं काहीबाही असतं आणि ते चाचणीत डोकावतं. कोमट पाण्यात साल काही तास राहिली की त्यानेही बरंच सुटतं. दुसरी बरणी नसेल तर ते सगळं श्रेय एन्झाइमला दिलं जातं. बाजारात एन्झाइमच्या नावावर जे जे खपतं त्यातलं कितीतरी या दुसऱ्या बरणीपुढे टिकणार नाही.

प्रत्येक बरणीत ५० ग्रॅम पूड आणि अर्धा लिटर पाणी. लिंबूसत्त्व चिमटी-चिमटीने घालत, ढवळत, पट्टी बुडवत पीएच ४.५ वर आणा. पेक्टिनेज आणि सेल्युलेज ४ ते ५ च्या दरम्यान खुशीत असतात. सात-आठच्या पुढे गेलात तर एन्झाइम मंदावतं आणि फेनॉलही लवकर बिघडतात. एन्झाइम घालण्याआधी बरण्या गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून आतलं मिश्रण ४८ ते ५० अंशांवर येऊ द्या. मग अर्धा ग्रॅम एन्झाइम दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून एकीत घाला आणि तसंच अर्धा ग्रॅम, पण उकळून मारून गार केलेलं, दुसरीत. हे प्रमाण पुडीच्या एक टक्का झालं. द्रव एन्झाइमची ताकद प्रत्येक ब्रँडमध्ये वेगळी असते, तिथे पाकिटावरचं प्रमाण पाळा.

पातेल्यावर झाकण, झाकणावर जुनं ब्लँकेट. दर पंधरा-वीस मिनिटांनी थर्मामीटर बघा, ४५ च्या खाली आलं तर पातेल्यात गरम पाणी ओता. ५५ च्या वर गेलं तर एन्झाइम मरायला लागतं आणि ते परत जिवंत होत नाही, म्हणून गॅस पेटता ठेवून बाजूला जाऊ नका. दर वेळी दोन्ही बरण्या सारख्याच ढवळा.

पहिला अर्धा तास दोन्ही बरण्या जुळ्या दिसतात. पूड पाणी पिऊन फुगलेली, चमचा जड जातो. तासाभरानंतर चमचा उचलून धार बघा. मेलेल्या एन्झाइमच्या बरणीतून लापशी गोळ्या-गोळ्यांनी पडते आणि चमच्याला बुळबुळीत थर राहतो. जिवंत बरणीत धार पातळ होत जाते, चोथा खाली बसायला लागतो आणि वर पिवळसर पाणी निवळतं. बुळबुळीतपणा पेक्टिनचा असतो. तो गेला म्हणजे पेक्टिनेजने काम केलं, याला कुठलंही यंत्र लागत नाही. तीन तासांनंतरही दोन्ही सारख्याच दिसत असतील तर एन्झाइम जुनं आहे, पीएच चुकलाय किंवा पाणी जास्त तापलं होतं.

तीन ते चार तास पुरे. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळा. ४५-५० अंशांचं गोडसर पाणी जंतूंनाही आवडतं. आता दोन्ही बरण्यांतलं मिश्रण वेगवेगळ्या पातेल्यांत ८५ ते ९० अंशांवर दहा मिनिटं ठेवा, म्हणजे एन्झाइम थांबेल. पातेलं गार पाण्यात ठेवून झटपट निववा, मलमलमधून पिळून घ्या, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. अर्क तपकिरी काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. बाटलीवर तारीख आणि 'पिऊ नये' असं ठळक लिहा, घरातली माणसं संत्र्याचं सरबत समजून ग्लास भरतात.

फ्रिजमध्ये तळाशी पांढुरका गाळ दिसला तर बुरशी समजून फेकू नका. हेस्पेरिडिन पाण्यात फार कमी विरघळतं, थंड झालं की बारीक पांढऱ्या कणांनी खाली बसतं. बुरशी वर तरंगते आणि लोकरीसारखी असते. यातच या पद्धतीची मर्यादाही दिसते: बरंचसं हेस्पेरिडिन चोथ्यातच राहतं. कारखान्यात ते चुन्याच्या पाण्यात विरघळवून, मग आम्ल घालून खाली बसवतात. दुसरा मार्ग एन्झाइमचाच आहे. ऱ्हॅम्नोसिडेज हेस्पेरिडिनच्या शेपटीतली एक साखर कापतं आणि उरलेला रेणू पाण्यात अधिक विरघळतो. पण ते नंतरचं.

मिळालं किती, ते कसं कळणार

घरची चाचणी आयोडीनची. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन एक भाग, पाणी दहा भाग. साबुदाण्याचं पातळ पाणी उकळून गार करून ठेवा. काचेच्या वाटीत चार चमचे पाणी, एक चमचा साबुदाण्याचं पाणी, एक चमचा अर्क. ड्रॉपरने आयोडीन थेंब-थेंब टाकत ढवळा. अर्कातले ऑक्सिडेशन रोखणारे पदार्थ आयोडीन गिळतात, निळा रंग उमटतो आणि विरतो. जेव्हा निळा रंग वीस सेकंद टिकतो तेव्हा थांबा आणि थेंब लिहून ठेवा. दोन्ही बरण्यांच्या अर्काला तीन-तीन वेळा करा. जिवंत बरणीला जास्त थेंब लागले तर तो फरक एन्झाइमचा.

निळा रंग येतच नसेल तर अर्क नीट तापवला गेलेला नाही. स्वस्त पेक्टिनेजमध्ये थोडं अमायलेजही असतं, ते साबुदाण्याचं स्टार्च तोडून टाकतं आणि आयोडीनला निळं व्हायला काही उरत नाही. शिवाय या चाचणीत क जीवनसत्त्वही मोजलं जातं. म्हणून आकडा फक्त दोन बरण्यांच्या तुलनेसाठी वापरा.

होळकर सायन्स कॉलेज किंवा देवी अहिल्या विद्यापीठात कुणाची भाची-पुतण्या शिकत असेल तर पुढची चाचणी शक्य आहे. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण अँटिऑक्सिडंटने पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते मोजतात. एकूण फेनॉलसाठी फोलिन-सिओकाल्टोची चाचणी करतात, ती ७६५ नॅनोमीटरवर. हिचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. पेशीभित्ती तुटल्यावर ज्या साखरा सुटतात त्याही तिथल्या अल्कधर्मी द्रावणात थोडा रंग देतात, आणि क जीवनसत्त्व तर भरपूर. जिवंत बरणीत साखर जास्त असणारच, म्हणजे आकडा फुगणारच.

पर्यावरणाचा हिशोब

'टिकाऊ' हा शब्द लावायचा तर वीज-पाणी मोजलं पाहिजे. एक लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला साधारण ०.०३ युनिट लागतं. तेच एक लिटर पाणी आटवून उडवायला ०.६ युनिटहून जास्त. वीसपटीपेक्षा अधिक! म्हणून अर्क गॅसवर आटवून 'पावडर' करण्याच्या फंदात पडू नका, एन्झाइमने वाचवलेलं सगळं तिथे वाफ होऊन जातं. घट्ट अर्क हवा असेल तर पहिल्या खेपेचा अर्क पुढच्या खेपेला पाण्याऐवजी वापरा. एन्झाइमही फुकट बनत नाही, मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून ते काढतात. एक टक्क्याने काम झालं की पुढच्या खेपेला अर्धा, मग पाव टक्का करून बघा.

एन्झाइम मण्यांत कोंडून पुन्हा-पुन्हा वापरायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, सोडियम अल्जिनेटचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडून करतात ते. इथे तो उद्योग नको. मण्यातलं एन्झाइम सालीच्या घट्ट तुकड्यापर्यंत पोचत नाही आणि लिंबूसत्त्व कॅल्शियम ओढून मणीच विरघळवून टाकतं.

उरलेला चोथा कुंडीत जिरवा किंवा सकाळच्या कचरागाडीत ओल्याच्या कप्प्यात टाका. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जाऊन त्याचा गॅस होतो.

आता शेवेच्या तेलाचं. हा अर्क पाण्यातला आहे, तेलात मिसळणार नाही. तेलात जाणारा अँटिऑक्सिडंट हवा तर रेणूला स्निग्ध शेपूट जोडावी लागते. लायपेज नावाचं एन्झाइम ते करतं: क जीवनसत्त्वाला पामिटिक आम्ल जोडलं की अ‍ॅस्कॉर्बिल पामिटेट तयार होतं, पाकिटांवर ३०४ क्रमांकाने छापतात ते. जुन्या पद्धतीत यासाठी तीव्र गंधकाम्ल लागतं. लायपेजला नाही, पण त्याला जवळजवळ कोरडं द्रावण लागतं, पाणी असलं की बंध उलटा सुटतो. हे घरचं काम नव्हे. आणि काहीही विकायचं मनात असेल तर आधी एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, मगच पुढचं.

संत्र्यांचा मोसम संपल्यावर

डाळिंबाच्या सालीकडे लगेच वळू नका. तिच्यातलं टॅनिन प्रथिनांना चिकटतं, आणि एन्झाइम हे प्रथिनच, त्यामुळे तुमचं महागाचं एन्झाइम तिथेच जायबंदी होतं.

त्याऐवजी सोयाबीन घ्या. ते तर आपल्या गावचंच म्हणायचं, खंडवा रोडवर १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. सोयाबीनमधले आयसोफ्लॅव्होन (फ्लॅवोनॉइडचेच भाऊबंद), डेडझिन आणि जेनिस्टिन, साखरेला बांधलेले असतात. ती साखर कापणारं बीटा-ग्लुकोसिडेज दाण्यातच असतं, विकत काही आणायला नको. इथे सालीच्या बरोबर उलटं वागायचं: वाफ अजिबात द्यायची नाही, आतलं एन्झाइम जपायचं. दाणे ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात पाच-सहा तास ठेवले की साखर सुटून त्यांची बिनसाखरेची रूपं, डेडझेइन आणि जेनिस्टेइन, मोकळी होतात. चव थोडी तुरट-कडसर लागते, ती त्यांचीच. तुलनेच्या बरणीत आधी उकळलेले दाणे. सोयाबीनचं दूध काढून उरलेला चोथा वापरणार असाल तर मात्र तो बहुधा शिजलेला असतो, आतलं एन्झाइम मेलेलं, तिथे बीटा-ग्लुकोसिडेज बाहेरून घालावं लागेल. आणि भिजवलेले दाणे खायचे असतील तर नेहमीसारखे नीट शिजवूनच खा. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन रोखणारा घटक ५० अंशांना हलत नाही, तो उकळल्यावरच नरम पडतो.